सह्यांची साखळी : प्रस्तावना

आरोग्यसेवेतल्या फसवणुकीच्या अभ्यासाकडे येणारा वाचक बहुधा चिडूनच येतो. बिल फुगलेले असते, नको ती तपासणी झालेली असते, नाहीतर विमा कंपनीने हात झटकलेले असतात. अशा वाचकाचे इथे मनापासून स्वागत आहे. गुन्हेगार एकच असणार, ही समजूत तेवढी बाहेर ठेवून यावे.

मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात 1986च्या जानेवारी-फेब्रुवारीत 14 रुग्ण दगावले. मेंदूतला नि डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन दिले होते. ते निघाले कारखान्यात वापरायचे, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेले. याच विषाने 1937 साली अमेरिकेत शंभरावर माणसे मेली होती, म्हणजे अज्ञानाची सबब कुणालाच नव्हती. या मृत्यूंची चौकशी करणारा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बाटलीपाशी थांबला नाही. खरेदी कशी झाली, परवाना कुणी दिला, तपासणी कुठे राहिली, असे विचारत तो सहीमागून सही मागे गेला. पुरवठादारापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्रालयापर्यंत ती साखळी पोचली. 1988 मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. परळच्या केईएममधले मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रकरण मांडले. आपल्याकडे या अभ्यासाचा पाया लेंटिन अहवालाने घातला, असे माझे मत आहे.

मृत्यू झाले की निदान आयोग तरी बसतो. कट प्रॅक्टिसवर कोण बसवणार? रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्यास डॉक्टरांच्या 2002च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. पण चिठ्ठी फक्त डॉक्टरच देतो असे नाही. 2023 मध्ये परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयातल्या काही कर्मचाऱ्यांना भोईवाडा पोलिसांनी अटक केली. कमिशनसाठी रुग्णांना बाहेरच्या खासगी केंद्रात तपासण्यांना धाडल्याचा आरोप त्यांच्यावर होता. औषध खरे, तपासणीही खरी, तरी गावाहून आलेल्या कर्करुग्णाचा खिसा रिकामा. फसवणुकीचा हा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड.

म्हणून या क्षेत्रात डॉक्टर, वकील, हिशेबनीस आणि रुग्णाचा नातेवाईक एकाच बाकावर बसतात. सगळ्यांनाच कागद वाचावे लागतात. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत उपचारांची कागदपत्रे देणे त्याच आचारसंहितेने बंधनकारक केले आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. ‘खाट नाही’ हे उत्तर पटले नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. भेसळीचा संशय आल्यास अन्न व औषध प्रशासन, डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, भरपाईसाठी ग्राहक आयोग.

कुठेही गेलात तरी तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, बिलाची प्रत जोडा, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.