परभणी : निजामी राजवटीतील जमीन आणि खाणहक्क

निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी मुलखात जमिनीचे भवितव्य दरबारात ठरे. संस्थानाचा दिवाण पहिला सालारजंग याने 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून सारावसुलीसाठी सरकारी अंमलदार नेमले. दिवाणी गावांत शेतकरी थेट सरकारकडे सारा भरी. जहागिरीत मात्र जहागीरदाराचा शब्द चाले. इनामाचा हक्क ‘मुंतखब’ या दस्तऐवजावर टिके.

खनिजांबाबतही रयतेला विचारणा नव्हती. 1886 मध्ये संस्थानातील खाणींची सवलत लंडनच्या हैदराबाद डेक्कन कंपनीकडे गेली. 1888 मध्ये ब्रिटिश संसदीय समितीने या सवलतीची चौकशी केली. परभणीच्या काळ्या मातीखाली मात्र बेसाल्टच होता. कोळसा निघाला तो संस्थानाच्या तेलंगणातील सिंगरेणी भागात.

संस्थान भारतात आणणाऱ्या 1948 च्या पोलीस कारवाईनंतर 1949 मध्ये जहागिरी संपल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला. कसणाऱ्याला हे संरक्षण फार उशिरा मिळाले. जुना हक्क शोधताना मराठवाड्यातील शेतकरी आजही 1954 चे खासरा पाहणी पत्रक काढतात.