प्रागमधील एक खिडकी

१९३९ सालच्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस जर्मन सैन्य प्राग शहरात शिरले आणि चेक लोकांचे जेमतेम वीस वर्षांचे स्वराज्य लयास गेले. पुढची सहा वर्षे त्या शहराने काय सोसले याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. १९४२ साली हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर चेकोस्लोव्हाक सैनिकांनी बॉम्ब टाकला, त्यात तो मेला, आणि त्याचा सूड म्हणून १० जून रोजी लिदित्से या खेड्यातील १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. बायकांना छळछावणीत धाडले आणि घरे पाडून गावाची जमीन सपाट केली. हे सारे इतिहासात आहे, असायलाच हवे. पण त्याच काळात त्याच शहरात, नदीपलीकडच्या जुन्या पेठेतील एका अंगणात, लाकडी खोपटात बसून एक एकहाती माणूस आपल्याच खिडकीची छायाचित्रे काढीत होता, ही हकीकत इतिहासग्रंथांच्या तळटीपांतही सहसा सापडत नाही. आजचे माझे बोलणे त्या माणसाविषयी आहे.

योसेफ सुदेक यांचा जन्म १८९६ साली कोलीन या गावी झाला. वडील घरे रंगविण्याचे काम करीत. ते लवकर वारले. मुलगा पुस्तकबांधणी शिकला. कागद, पुठ्ठा, खळ आणि सुई-दोरा यांत त्याचे आयुष्य सुखाने गेले असते. पण पहिले महायुद्ध आले आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा शिपाई म्हणून त्याची रवानगी इटलीच्या आघाडीवर झाली. तेथे तोफगोळ्याचा तुकडा उजव्या हाताला लागला आणि हात खांद्यापासून कापावा लागला. पुस्तके बांधायला दोन हात लागतात. तो धंदा तेथेच संपला. रुग्णालयांतून वर्षानुवर्षे फिरल्यावर या तरुणाने छायाचित्रणाची कास धरली. वास्तविक त्या काळचा लाकडी कॅमेरा, त्याची जड तिपाई, काळे कापड हे सगळे दोन हातांच्या माणसालाही घाम फोडणारे सामान. सुदेक ते पाठीवर वाहत आणि अडेल तेथे दातांनी काम भागवीत.

त्यांची पहिली मोठी चित्रमाला प्रागमधील अपंग सैनिकांच्या वसतिगृहाची आहे. अठराव्या शतकातील त्या अवाढव्य इमारतीत युद्धात मोडलेली माणसे राहत असत. त्या चित्रांत जखमा दाखविण्याचा हव्यास नाही. उंच खिडक्यांतून तिरपा उजेड येतो आहे, त्यात कोणी बसले आहे, कोणी उभे आहे. एवढेच. छायाचित्रकार त्यांच्यातलाच एक होता, म्हणून कदाचित त्याला दया दाखविण्याची गरज वाटली नसावी.

१९२६ साली ते चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर इटलीत गेले. प्रवासात एके ठिकाणी, मैफल ऐन रंगात असताना, ते उठले आणि आपला हात जेथे गेला ती जागा शोधायला निघून गेले. दोनेक महिने त्यांचा पत्ता नव्हता. जागा सापडली, हात अर्थातच सापडला नाही. परतल्यावर त्यांनी पुन्हा दूरचा प्रवास म्हणून केला नाही. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. मला तर वाटते, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या अस्थी शोधायला कोणी रणभूमीवर जावे तसाच हा प्रकार होता, फक्त येथे मृत आणि शोधणारा एकच होता.

पुढची दहा-बारा वर्षे भरभराटीची. १९२८ साली संत व्हीतुसच्या प्रार्थनामंदिराची त्यांची पंधरा छायाचित्रे संग्रहरूपाने निघाली. १३४४ साली पाया घातलेले ते मंदिर तेव्हा पुरे होत आले होते. पण सुदेक यांनी कळस टिपण्याऐवजी आत पडलेली दगडमाती, दोर, फावडी आणि त्यांवर पडणारा उजेड टिपला. जाहिरातींची कामे मिळत, नाव झाले होते.

मग जर्मन आले. मोठा कॅमेरा घेऊन रस्त्यात उभे राहणे हे संशयास आमंत्रण होते. सुदेक आपल्या खोपटात आले आणि १९४० च्या सुमारास त्यांनी दोन गोष्टी केल्या. शतकाच्या आरंभी घेतलेला, शार्त्र येथील एका पुतळ्याचा एक छाप त्यांच्या पाहण्यात आला होता. तो निगेटिव्ह मोठी करून काढलेला नव्हता. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा घेतलेला होता. त्यातली दगडाची पोत पाहून त्यांनी ठरविले की, येथून पुढे आपणही असेच छाप घ्यायचे. याचा अर्थ चित्र जेवढे हवे तेवढाच कॅमेरा मोठा; काम सावकाश, सामान जड. जग विजेच्या वेगाने लढत असताना या माणसाने आपला वेग मुद्दाम कमी केला. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी खिडकीकडे कॅमेरा वळविला.

ही मालिका १९४० पासून १९५४ पर्यंत चालली. त्यात आहे काय? अंगणातले एक वेडेवाकडे झाड, पलीकडची भिंत, आणि मध्ये काच. थंडीत खोलीतल्या उबेने काचेवर वाफ धरते, तिचे ओघळ होतात, कधी तिचे बर्फ होऊन फुले उठतात; झाड त्यातून पुसट दिसते. खिडकीच्या कठड्यावर कधी पाण्याचा पेला, कधी फुलदाणीत एक फांदी. माणूस कुठेही नाही. आपल्याकडे छायाचित्र म्हटले की भिंतीवरची, हार घातलेली आजोबांची तसबीर डोळ्यांपुढे येते; तिच्यात माणूस नसेल तर ती कशाला, असेच कोणी विचारील. पण काचेवरची ती वाफ कोणाच्या तरी श्वासाची आहे. आत कोणी जिवंत आहे, एवढी साक्ष ती देते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. लिदित्से जळत असताना पाण्याच्या पेल्याचे चित्र काढणे हे पळून जाणे नव्हे काय? ज्यांनी शस्त्र घेतले त्यांच्या पंक्तीला सुदेक यांना बसविता येणार नाही, आणि तसे करूही नये. पण एक हात साम्राज्याला देऊन बसलेल्या माणसाने आणखी काय द्यावे, हे आपण आरामखुर्चीत बसून ठरवू नये. शिवाय या चित्रांचे मोल ज्यांनी सर्वांत जास्त सोसले त्यांना विचारावे, हा मार्ग मला अधिक रास्त वाटतो.

तशी एक साक्षीदार आहे. सोन्या बुलाती ही प्रागमधील ज्यू मुलगी. १९४१ साली अठरा वर्षांची असताना तिला वूच येथील बंदिस्त वस्तीत नेले, तेथून आउशविट्झ, मग आणखी एक छावणी. शेवटच्या सक्तीच्या पायपिटीतून ती निसटली आणि युद्ध संपल्यावर प्रागला आली, तेव्हा तिच्या घरचे कोणी उरले नव्हते. ही मुलगी सुदेक यांच्याकडे शिकाऊ मदतनीस म्हणून राहिली. त्यांचे सामान उचलणे, कागद धुणे, तिपाई रोवणे ही कामे तिच्याकडे आली.

तिने सांगितलेली एक आठवण अशी. दोघे प्रार्थनामंदिराच्या पोटातील एका प्राचीन, अंधाऱ्या दालनात गेले. कॅमेरा लावला आणि जमिनीवर गप्पा मारीत बसले. बराच वेळ गेला. एकाएकी सुदेक विजेसारखे उठले. उन्हाची एक तिरीप आत आली होती. उजेड दिसावा म्हणून दोघे फडकी घेऊन शतकांची साचलेली धूळ उडवू लागले. स्वच्छ हवेत किरण दिसत नाही, त्याला धूळ लागते, हे भौतिकशास्त्र शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण वर्षभरापूर्वी मृत्यूच्या रांगेत उभी असलेली मुलगी एका एकहाती म्हाताऱ्यासोबत फडके हलवते आहे, हे दृश्य मला त्या काळावरच्या जाड ग्रंथांतील पुष्कळ प्रकरणांहून मोलाचे वाटते. म्हातारा म्हटले खरे. तेव्हा सुदेक पन्नाशीचे होते.

बुलाती १९४७ साली अमेरिकेस गेली आणि तेथे स्वतः नावाजलेली छायाचित्रकार झाली. इकडे १९४८ च्या फेब्रुवारीत प्रागमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली. झेंडे बदलले. सुदेक यांची खिडकी मात्र तशीच राहिली, आणि तिची छायाचित्रेही आणखी सहा वर्षे चालू राहिली. हा मुद्दा, केवळ जर्मनांच्या भीतीने ते घरात बसले असे म्हणणाऱ्यांनी विसरू नये. सुदेक यांनी नव्या राज्यकर्त्यांविरुद्ध काही केले नाही, त्यांच्या घोषणाही टिपल्या नाहीत. पुढे १८९४ सालचा एक जुना कॅमेरा घेऊन ते प्रागभर फिरले आणि १९५९ साली लांबट पट्ट्यांसारख्या २८४ चित्रांचे पुस्तक निघाले. घरी ग्रामोफोनच्या तबकड्यांचा ढीग असे. यानाचेक हा संगीतकार त्यांचा विशेष आवडता. ठरावीक वारी मित्र जमत आणि त्या पसाऱ्यात जागा करून ऐकत बसत.

१९७६ च्या सप्टेंबरात ते वारले. दोन वर्षांनी बुलातीने त्यांच्यावरचा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध केला, आणि ती खिडकी जगाला दिसली.

२०२० साली महामारीने आपल्याला दारे लावून बसविले, तेव्हा मी ही चित्रे रोज एकेक करून पाहिली. त्यांनी दुःख हलके केले असे मी म्हणणार नाही. रुग्णसंख्येचे आकडे वाढतच होते. पण तीच काच आज अशी, उद्या तशी, हे पाहता पाहता आपल्या स्वयंपाकघराच्या गजांपलीकडचा शेवगाही रोज वेगळा असतो, हे ध्यानात आले. दिवस सारखे वाटत होते ते आपण पाहत नव्हतो म्हणून. याला कोणी दिलासा म्हणावे की नुसती सवय, हे मी श्रोत्यांवर सोपवितो.

ते लाकडी खोपट १९८५ साली आगीत जळाले. पुढे मूळ जागी तशीच प्रतिकृती उभी करण्यात आली आणि २००० साली ती लोकांसाठी उघडली. तेथे इतर छायाचित्रकारांची प्रदर्शने भरू लागली. सुदेक यांच्या चित्रांचा मोठा साठा प्रागच्या उपयोजित कला संग्रहालयात आहे. तो तेथे आला याचे बरेच श्रेय त्यांची बहीण बोझेना हिला द्यायला हवे. तीही छायाचित्रणच शिकली होती, आणि भावाच्या उजव्या हाताचे पुष्कळसे काम अनेक वर्षे तिने केले.