तंजावरची कोकिळा, पाळयंकोट्टैची क्लॅरिंडा

तंजावरच्या मराठ्यांवर बोलताना आपण राजांपाशीच थांबतो. आज मी एका मराठी बाईविषयी सांगणार आहे.

ही तंजावरची ब्राह्मण विधवा. परंपरेने तिचं नाव कोकिळा सांगतात. लिटलटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिला आसरा दिला, इंग्रजी आणि बायबल शिकवलं. तिने बाप्तिस्मा मागितला, पण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी नकार दिला. हेच पुढे सरफोजीराजांचे गुरू झाले. नकाराचं कारण एवढंच, की ती लिटलटनबरोबर लग्नाशिवाय राहत होती.

लिटलटन वारला. १७७८ मध्ये तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टैत श्वार्ट्झ यांनीच तिला बाप्तिस्मा दिला आणि ती क्लॅरिंडा झाली. १७८० च्या नोंदवहीत तिथल्या मंडळीतल्या ४० जणांची नावं आहेत. १७८५ मध्ये तिच्या पुढाकाराने चर्च उभं राहिलं. तिने विहीरही खोदवली.

ज्या बाईला आधी दाराबाहेर ठेवलं, तिनेच देवाचं घर बांधलं. लोक मात्र त्याला ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’ म्हणू लागले, म्हणजे बामणीणबाईंचं देऊळ. तिने धर्म बदलला, नाव बदललं. जात मात्र लोकांनी तिच्या चर्चला चिकटवून ठेवली. मला ही गोष्ट तिथेच बोचते.