हिशेबाचा ताळा

शाळेत भागाकाराचे गणित सोडवून झाले की गुरुजी विचारतात, "ताळा पाहिलास का?" भागाकाराला भाजकाने गुणायचे, बाकी मिळवायची आणि मूळची संख्या परत येते का ते बघायचे. मुलाला वाटते, उत्तर तर आले. मग ही जादा खटपट कशाला? पण ताळा दुसऱ्या वाटेने येऊन त्याच मुक्कामाला पोचतो, यातच त्याची किंमत आहे. पहिल्याच वाटेने पुन्हा गेले तर पहिलीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो.

जमाखर्चाच्या वहीलाही असाच ताळा लागतो. तो माणसाने कसा शोधला, तो नव्हता तेव्हा आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याला काय भोगावे लागले, आणि आज गावच्या सोसायटीत तो कसा घालावा, एवढे तीन मुद्दे आपण पाहू.

हिशेब लिहिण्याची कला आपल्याकडे नवी नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आपल्या दप्तरांत शतकानुशतके रुळलेले आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. त्यांत रोजकिर्दी आहेत, म्हणजे दिवसागणिक झालेल्या व्यवहारांची टिपणे आहेत. गावचे कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात असत आणि परगण्याचे देशपांड्याच्या दप्तरात. गावाने भरलेल्या वसुलाचा मागमूस अशा रीतीने दोन जागी राही, आणि वाद पडला तर एक कागद दुसऱ्याशी लावून बघता येई. दोन हातांनी लिहिलेली एकाच पैशाची दोन टिपणे हेच ताळ्याचे मूळ होय.

युरोपात हीच गोष्ट व्यापाऱ्यांनी निराळ्या तऱ्हेने साधली. इटलीतील जिनोआ शहराच्या १३४० सालच्या सरकारी वह्यांत प्रत्येक रक्कम दोनदा लिहिलेली आढळते, एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा. पुढे १४९४ साली लुका पाचोली नावाच्या गणितज्ञ संन्याशाने व्हेनिस येथे गणितावरचा एक मोठा ग्रंथ छापला आणि त्यात या पद्धतीचे वर्णन केले. पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरीतच होते. त्याने सांगितलेल्या तीन वह्या आपल्या परिचयाच्याच वाटतील: एक कच्चे टिपण, दुसरी कीर्द, तिसरी खतावणी. खतावणी बंद करताना सगळ्या नावे रकमांची बेरीज आणि सगळ्या जमा रकमांची बेरीज सारखी आली पाहिजे, असे तो बजावतो. हीच आपली तेरीज.

एका दुकानाच्या एका खतावणीला एवढा ताळा पुरतो. पण एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या पेढ्या, गिरण्या, रेल्वे कंपन्या उभ्या राहिल्या. गिऱ्हाइके शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजावी लागली. एका वहीत एवढी खाती मावेनात, आणि एका कारकुनाच्या हातून ती लिहून होईनात. मग खतावणीचे भाग पडले. वर्षअखेर तेरीज काढताना चार रुपयांचा फरक आला, तर तो कोणत्या वहीत दडला आहे हे कसे कळावे? सगळ्या वह्या पहिल्या पानापासून चाळाव्या लागत.

यावर तोड निघाली ती अशी. गिऱ्हाइकांची सुटी खाती एका वहीत ठेवायची, आणि मुख्य खतावणीत त्या सगळ्यांच्या नावाने एकच एकत्रित खाते उघडायचे. सुट्या खात्यात प्रत्येकाची रक्कम वेगळी चढते. एकत्रित खात्यात महिनाअखेर किर्दीतली फक्त बेरीज चढते. सुट्या खात्यांच्या बाक्यांची यादी केली की तिची बेरीज एकत्रित खात्याच्या बाकीशी जुळली पाहिजे. या एकत्रित खात्याला नियंत्रण खाते म्हणतात. त्याचा नियम एकच, पण तो मोडला तर सगळेच व्यर्थ: नियंत्रण खाते सुट्या खात्यांवरून कधी लिहू नये. ते किर्दीच्या बेरजेवरूनच लिहावे, आणि होईल तर दुसऱ्या माणसाने लिहावे. वाट वेगळी हवी, तरच तो ताळा.

आता या हिशेबात सर्वांत निसटती रक्कम कोणती असते, तर सूट. सूट दोन प्रकारची आहे. समजा, गावच्या सहकारी भांडाराने ५०० रुपये छापील किमतीचा माल घेतला आणि घाऊक व्यापाऱ्याने शेकडा दहा कमी केले. ही व्यापारी सूट. सौदाच मुळी ४५० रुपयांचा झाला, म्हणून वहीत ४५० च लिहायचे. ५० रुपयांची नोंद कोठेच होत नाही. पुढे व्यापारी म्हणाला, दहा दिवसांत पैसे द्याल तर शेकडा दोन आणखी सोडतो. भांडाराने ४४१ रुपये दिले, ९ रुपये सुटले. ही रोख सूट, आणि हिची नोंद केलीच पाहिजे. व्यापाऱ्याच्या खात्यात ४४१ रोख आणि ९ सूट मिळून ४५० नावे पडले तरच त्याचे खाते मिटते. नुसते ४४१ लिहिले तर ९ रुपये देणे म्हणून वहीत बसून राहतात. तोंडाने सोडलेला पैसा वहीत जिवंत राहतो.

म्हणून रोख वहीत रकमेच्या शेजारी सुटीचा एक वेगळा रकाना आखतात. पैसे देताघेताना सुटलेली रक्कम त्याच ओळीत लिहायची. महिनाअखेर त्या रकान्याची बेरीज सूट खात्यात जाते, आणि तीच बेरीज नियंत्रण खात्यातही जाते.

ही गोष्ट नऊ रुपयांची वाटते. पण आपल्या दख्खनमध्ये याच बाबतीत माणसांची शेते गेलेली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या सावकाराची वही काही अडाण्याची नव्हती. ती नीट लिहिलेली असे, पण ती एकाच हाताची असे. कुळाकडे त्या हिशेबाचा दुसरा कागद नव्हता, आणि असता तरी बहुतेकांना तो वाचता आला नसता. कर्ज देतानाच काही रक्कम आधी कापून घेत; तिला मनोती म्हणत. शंभराचा रोखा लिहून द्यायचा आणि हातात त्याहून कमी घ्यायचे. म्हणजे इथेही सूटच, पण उलट्या दिशेची, आणि कोठेही न लिहिलेली. दिलेल्या हप्त्याची पावती मिळेलच असा भरवसा नव्हता.

त्यात १८५९ सालच्या मुदतीच्या कायद्याने भर पडली. रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची झाली. व्याजाचे डोंगर चढू नयेत, असा त्यामागे हेतू होता. पण झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे, आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. जुन्या रोख्यात काय होते, किती फेडले, किती सुटले, हे नव्या कागदावरून समजण्याची सोयच राहत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारच्या गावी आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले, आणि हाती आलेले कागद जाळले. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली, घरांनाही आगी लागल्या. हे लोण पुणे जिल्ह्यातून त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पसरले. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी मुख्यतः कशावर हात टाकला ते ध्यानात घ्यावे: कागदावर. जो हिशेब तपासता येत नाही, तो जाळणे एवढेच त्यांच्या हाती उरले होते.

सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हा कायदा म्हणजे न्यायालयाने घेतलेला ताळाच होता. न्यायाधीशाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे. मुद्दलाचा हिशेब वेगळा आणि व्याजाचा वेगळा मांडावा. कुळाच्या हाती खरोखर आलेली रक्कमच मुद्दलात धरावी. थकलेले व्याज मुद्दलात घालू नये. मनोतीची वाट येथे बुजली. शिवाय भरलेल्या पैशाची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक, हे कुळाचे हक्क ठरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ साली उच्च न्यायालयात गेले. त्यापूर्वी त्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले होते.

कायदा चांगला होता, पण पासबुक मागायला तोंड लागते आणि वाचायला डोळे लागतात. अक्षर न कळणाऱ्याच्या हाती पासबुक म्हणजे आंधळ्याच्या हाती कंदील. शिवाय कर्ज पाहिजे तर दार सावकाराचेच ठोठवावे लागे. म्हणून पुढे सहकाराचा मार्ग आला. १९०४ साली पहिला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने निबंधकावर प्रत्येक संस्थेचे हिशेब वर्षातून निदान एकदा तपासण्याची जबाबदारी टाकली. आज महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्था कायदा आहे. सोसायटीत सावकार आणि कूळ एकच झाले. वही सर्वांची झाली. पण वही सर्वांची झाली म्हणजे ती आपोआप खरी होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका सोसायटीचे वर्षारंभी सभासदांकडे १२,००० रुपये येणे होते. वर्षात ८,००० रुपये कर्ज दिले आणि ९०० रुपये व्याज आकारले. नियंत्रण खात्यात नावे झाले २०,९००. वसूल आला ९,७५०, आणि वेळेवर फेडणाऱ्यांना १५० रुपये सूट दिली. जमा झाले ९,९००. तेव्हा येणे बाकी ११,००० पाहिजे. आता सभासदांच्या सुट्या खात्यांची यादी केली तर बेरीज आली ११,१५०. फरक १५० चा, आणि सूटही १५० चीच. म्हणजे चिटणीसाने सुटीची रक्कम सभासदांच्या खात्यांवर जमाच केलेली नाही. ताळा घेतला नसता तर ज्यांनी वेळेवर पैसे भरले, त्यांच्याच नावावर बाकी राहिली असती आणि तिच्यावर पुढे व्याज चढले असते.

मात्र नियंत्रण खाते सर्वज्ञ नाही. एका सभासदाचा हप्ता चुकून त्याच्या नावभावाच्या खात्यावर जमा झाला, तर एकूण बेरीज तीच राहते आणि ताळा बिनबोभाट जुळतो. ही चूक पकडणारा गावात एकच माणूस असतो, तो म्हणजे ज्याचे खाते तो सभासद. त्याने पासबुक सोसायटीच्या वहीशी लावून पाहिले तरच ती दिसते. एकूण रकमेचा ताळा नियंत्रण खात्याने घ्यावा, आणि एकेकाचा ताळा पासबुकाने. दोन्ही मिळून हिशेब पुरा होतो.

आता सोसायट्यांत संगणक येत आहे. २०२२ साली केंद्र सरकारने सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. यंत्र बेरीज चुकत नाही, हे खरे. पण यंत्रात एकदा घातलेली नोंद सभासदाच्या खात्यात आणि एकत्रित खात्यात एकदमच जाते. दोन्ही आकडे एकाच वाटेने आले, तेव्हा ते जुळणारच. मूळ नोंद चुकीची असली तरी जुळणार. म्हणून संगणक आल्यावर पासबुक आणि पावती यांचे महत्त्व कमी न होता वाढले आहे.

शिक्षकबंधूभगिनींना एक सुचवावेसे वाटते. सरळव्याजाची गणिते शिकवताना मुलांना घरचे पासबुक वाचायला शिकवावे. वार्षिक सभेला जाणाऱ्या सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत: सभासदांच्या बाक्यांची यादी एकत्रित खात्याशी जुळली का? यंदा सूट किती दिली आणि ती कोणाकोणाच्या खात्यावर जमा झाली? आणि माझे पासबुक आजच्या तारखेपर्यंत भरून मिळेल का? हे प्रश्न विचारणे म्हणजे चिटणीसावर अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक चिटणीसाला त्यांचा आनंदच होईल, कारण त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष त्याच्या वहीबाहेरून मिळते. सुप्याच्या शेतकऱ्यांजवळ विचारण्याची ही सोय नव्हती. आपल्याजवळ ती आहे. तिचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.