पटावरचा डाव आणि पणाला लागलेली माणसे

जपानमध्ये १९९८ ते २००३ या काळात ‘हिकारू नो गो’ ही चित्रकथा क्रमशः निघाली आणि ‘गो’ या पटावरच्या जुन्या खेळाकडे तेथील मुले नव्याने वळली. डावाची कथा चित्रांत सांगण्याची रीत आपल्याकडेही आहे. आपण ती पाषाणात कोरली.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर यादवकालीन. लोककथा मात्र त्याची स्थापना वनवासी धर्मराजाकडे नेते. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. पण तिच्या मुळाशी हरलेला एक डाव आहे. त्यात द्रौपदी पणाला लागली. फासे तिच्या हाती कधीच नव्हते.

याच मराठवाड्यातील वेरूळ पाहा. २१ व्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात, सुमारे ६ व्या शतकात शिव-पार्वतींचे द्यूत कोरले गेले; खाली नंदी आणि भोवती गणांचा गलका. येथे स्त्री पणाची वस्तू नाही, बरोबरीची खेळाडू आहे. २९ व्या लेण्यातही हाच प्रसंग आहे.

दोन्ही कथा आपल्याच. म्हणून द्यूताचा इतिहास सांगताना कोण जिंकले एवढेच विचारून भागत नाही; खेळायला कोणाला बसविले आणि पणाला कोणाला लावले, हेही विचारले पाहिजे.