मराठवाड्यातील घरांचे कज्जे

नांदेड-लातूरकडे 'भाडे' हा शब्द कागदावरचा. बोलताना आम्ही 'किराया' म्हणतो. निजामी अमदानीत सरकार-दरबारची भाषा उर्दू होती, तिची ही खूण. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट गेली. परंतु घरांच्या कायद्यात मराठवाडा पुढे पन्नास वर्षे वेगळाच राहिला.

हैदराबाद राज्याने १९५४ मध्ये घरभाडे नियंत्रणाचा कायदा केला. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कायदा मात्र हैदराबादचाच. पुण्याच्या भाडेकरूला १९४७ चा मुंबईचा कायदा, नागपूरच्याला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा हुकूम आणि नांदेडच्याला हा. एक राज्य आणि तीन न्याय! संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून हे कोणी सांगितले नव्हते.

तरी कायदा गरिबाच्या उपयोगाचा होता. मालकाला मनास येईल तेव्हा बिऱ्हाड रस्त्यावर काढता येत नसे. रेंट कंट्रोलरपुढे कारण शाबीत करावे लागे. भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला जागा हवी, ही कारणे सर्वांना ठाऊक होती. आणखी एक कारण होते, ते फारसे कोणी वाचले नव्हते : भाडेकरूने मालकाची मालकीच खोटेपणाने नाकारली, तर त्याला घालवता येई.

नव्वदच्या दशकात लातूरच्या गंजगोलाईमागे एक हमाल एका खोलीत राहत असे. मालक वारला, मुलांत भांडण लागले, भाडे कोणाला द्यावे ते कळेना. त्याने ते देणेच थांबवले. नोटीस आली, तेव्हा कोणीतरी सांगितले, "बारा वर्षं झाली की घर आपलंच असतं." त्याने उत्तरात तसे लिहून दिले. तो सांगणारा आमच्याच युनियनमधला होता, आणि आम्हीही त्याला अडवले नाही; कलम आम्हाला माहीत नव्हते. बारा वर्षांचा नियम आहे, पण तो मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे धरलेल्या कब्जासाठी. जो किरायाने आत आला, त्याचा कब्जा परवानगीचा. वर्षे मोजून तो मालक होत नाही. भाडे मनिऑर्डरने पाठवून पावत्या जपल्या असत्या, तर कदाचित तो आजही तिथे असता. मालकी मागायला गेला आणि राहण्याचा हक्क घालवून बसला. त्यानंतर आम्ही कायद्याचे पुस्तक विकत आणले.

मालकांचे वागणे सोवळे होते असे नव्हे. पावती न देणे हा त्यांचा जुना डाव. पावती नाही म्हणजे भाडेकरू नाही!

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे एकदम रद्द झाले. खटले दिवाणी न्यायाधीशांकडे गेले. पावती देणे मालकावर बंधनकारक झाले. करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती त्याने टाळली, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट शाबीत होत नाही. हे कलम पंचावन्नावे. आमच्या कचेरीत ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहे. खाली त्या हमालाच्या खोलीच्या नोटिशीची प्रत आहे, नाव झाकून.