स्टेरॉइड मलमाची भीती मोजणारी पट्टी

१९५२ साली अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन या दोन डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर गुण देतं, असं दाखवून दिलं. तोवर डांबराची नाहीतर झिंकची मलमं, एवढंच हाताशी असायचं. पुढच्या वीसेक वर्षांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी कितीतरी पट जोरदार मलमं आली. ती महिनोन्‌महिने चोपडल्यावर कातडी पातळ होते, चट्टे पडतात, हेही लक्षात आलं आणि लोक घाबरले. माझ्या मते भीती रास्त होती, पण ती सगळ्याच मलमांना सरसकट चिकटली.

या भीतीनं किती नुकसान होतं? २००० साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी इसबाच्या २०० रुग्णांना विचारलं. ७२.५ टक्क्यांना मलमाची धास्ती होती. २४ टक्क्यांनी तर धास्तीपायी मलम नीट लावलंच नव्हतं. मग २०१३ मध्ये फ्रान्समधल्या नांत इथल्या मंडळींनी 'टोपिकॉप' ही बारा प्रश्नांची पट्टी बनवली. मलम रक्तात उतरतं का, वजन वाढतं का, तुम्ही लावायचं लांबणीवर टाकता का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज जितकी जास्त, तितकी भीती जास्त. ही पट्टी आता अरबीतही आहे. अशी पट्टी दुसऱ्या भाषेत नेताना नुसतं भाषांतर पुरत नाही. ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून अर्थ सरकला नाही ना, हे पडताळावं लागतं. आपल्याकडे 'स्टेरॉइड' म्हटलं की कुणाला व्यायामशाळा आठवते, कुणाला दम्याच्या गोळ्या!

पण भोर-वेल्ह्यात या पट्टीनं अर्धंच चित्र दिसेल. भातलावणीच्या दिवसांत कपडे अंगावरच वाळतात, जांघेत नायटा होतो. मग शेजाऱ्याची ट्यूब येते, नाहीतर दुकानातून 'खाजेचं मलम' येतं. त्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. त्याच घरात बाळाच्या इसबाला डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम 'नको, स्टेरॉइड आहे' म्हणून फळीवर पडून असतं, आणि बाळ रात्रभर खाजवत जागं.

ही बेफिकिरीही मोजली गेली आहे. भारतातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. हा अभ्यास २०११ साली छापून आला. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारनं अशी १४ औषधं असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

डॉक्टरांनी दिलेलं मलम किती लावायचं, याचं माप १९९१ पासून ठरलेलं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. किती दिवस लावायचं, हे चिठ्ठीवर लिहून मागा.

मराठीत ही पट्टी करायची झालीच, तर मी तेरावा प्रश्न घालीन: 'घरातली ट्यूब कुणी सुचवली?'